छज्ज्याची भेग आणि दोन कॅमेरे

दुकानात आले की ते आधी काउंटरच्या काचेवर वाकून आतले कॅमेरे बघत, मग सरळ होत आणि विचारत, "काय हो साहेब, बदललं का काही मत?"

मी तेव्हा जेमतेम पंचवीस वर्षांचा. डोंबिवलीहून रोज ठाण्याला यायचो, स्टेशनजवळच्या एका कॅमेऱ्याच्या दुकानात सेल्समन म्हणून लागलेलो. मला साहेब म्हणणारा तो जगातला एकच माणूस. आणि मत म्हणाल तर ते माझं नसायचंच, माहितीपत्रकात छापलेलं असायचं. पण ते असं गंभीरपणे विचारत, जणू मागच्या मंगळवारी मी काहीतरी भूमिका घेतली होती आणि आठवडाभरात ती डळमळली असेल अशी त्यांना रास्त शंका होती.

येत ते मंगळवारीच. मंगळवारच का, ते कधी कळलं नाही. उंच, किंचित वाकलेले, अंगात इस्त्रीचा पांढरा बुशशर्ट, नाकावर एक चष्मा आणि कपाळावर दुसरा. एक लांबचा, एक वाचायचा. बोलताना हा खाली घ्यायचा, तो वर सारायचा, असं चालू असे, आणि पुष्कळदा नको तो चष्मा लावून ते माझ्याकडे रोखून बघत बसत. आमचे शेठ त्यांच्यासाठी चहा मागवत. तो ते बरोबर अर्धा पीत. एकदा मी विचारलं तर म्हणाले, "पूर्ण घेतला तर पित्त होतं. नाही घेतला तर डोकं दुखतं. अर्ध्यावर थांबलं की निदान काय होणार ते माहीत नसतं."

त्यांना कॅमेरा घ्यायचा होता. एवढं मात्र नक्की होतं.

आता त्याच दुकानात मोबाइलची कव्हरं आणि काचा लावून मिळतात, पण तेव्हा फोनमधले कॅमेरे यथातथाच होते आणि एकच प्रश्न घेऊन लोक येत. छोटा सुपरझूम घेऊ की मोठा डीएसएलआर? माझं भाषण पाठ होतं. सुपरझूम हलका, पिशवीत मावतो, लेन्स बदलायची भानगड नाही, बटण दाबलं की लांबचं देऊळ पुढ्यात. डीएसएलआर जड, पण आतला सेन्सर मोठा, फोटो स्वच्छ, उजेड कमी असला तरी दगा देत नाही. फक्त सोबत मिळणारी लेन्स फार लांबचं बघत नाही, लांबचं हवं तर दुसरी मोठी लेन्स घ्या आणि खांद्यावर वागवा. सहलीला जाणारी कुटुंबं छोटा नेत, लग्नाच्या ऑर्डरी घ्यायची स्वप्नं बघणारी मुलं मोठा नेत. चहा थंड व्हायच्या आत व्यवहार उरकायचा.

यांच्याजवळ ते भाषण चाललं नाही. पहिल्याच दिवशी सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "झूम म्हणजे आपण जवळ जातो, की ती वस्तू जवळ आल्यासारखी दिसते?"

"दोन्ही एकच ना काका."

"एकच कसं? मी तुमच्याजवळ येऊन तुमच्या कानावरचा तीळ बघणं वेगळं. आणि इथेच बसून, तुमच्या कानावर तीळ असावा असं मला वाटणं वेगळं."

मी घरी जाऊन आरशात बघितलं. कानावर तीळ नव्हता.

पुढच्या मंगळवारी त्यांनी दोन्ही कॅमेऱ्यांनी रस्त्यापलीकडच्या इमारतीवरच्या पाण्याच्या टाकीचा फोटो काढायला लावला. मग दोन्ही स्क्रीन शेजारी शेजारी धरून, चष्मे खालीवर करत, कितीतरी वेळ बघत राहिले. शेवटी म्हणाले, "टाकी एक, पण याच्यात ती जुनी दिसते आणि त्याच्यात नवी. आहे कशी?" मी दारात जाऊन टाकीकडे बघितलं. मला सांगता येईना. शेठ गल्ल्यावरून हसत म्हणाले, "काका, आज घेऊनच टाका एक." त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं, "मला घाई नाही हो. मला गोंधळ आहे."

या गोंधळाची लागण मला झाली. एकदा नवीन लग्न झालेलं जोडपं महाबळेश्वरला जायच्या आधी कॅमेरा घ्यायला आलेलं. मी त्यांना विचारून बसलो, "तुम्हाला जवळचं दिसायला हवंय की खरं?" नवऱ्याने बायकोकडे बघितलं, बायकोने पर्स उचलली, आणि दोघं जरा फिरून येतो म्हणून गेली ती गेलीच. शेठनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "तो म्हातारा स्वतः घेणार नाही आणि तुला पण विकू देणार नाही. त्याच्या नादी लागू नकोस." मी मान डोलावली. पण पुढच्या मंगळवारी त्यांची चाहूल लागली तेव्हा मी त्यांच्यासाठी स्टूल पुसून ठेवलेलं.

ते आयुष्यभर प्रूफं तपासत आले होते. कल्याणला एक छापखाना होता, तिथे. निवृत्त होऊन पुष्कळ वर्षं झाली तरी सवय सुटली नव्हती. आमच्या पाटीवर 'कॅमेरा दुरूस्ती' लिहिलेलं होतं. ते वाचून म्हणाले, "नेमकी दुरुस्तीच चुकलीय तुमची. रु ऱ्हस्व." शेठनी त्या दिवशी चहा मागवला नाही.

प्रूफ तपासताना शेजारी मूळ प्रत लागते, हे मला त्यांच्याकडून कळलं. छापलेलं मूळ लिखाणाशी ताडून बघायचं, आणि मूळ प्रतीला हात लावायचा नाही, हा नियम. एकदा आंबिवलीकडच्या एका लग्नाची पत्रिका त्यांच्या हाती आली. मुलीच्या वडिलांनी स्वतः लिहिलेल्या मजकुरात मुहूर्त सायंकाळचा होता. यांना शंका आली, कारण खाली जेवणाची वेळ दुपारची होती. पण विचारायला माणूस समोर नव्हता आणि नियम नियम होता. पत्रिका तशीच छापली गेली. लग्न होतं सकाळी. अर्धे पाहुणे संध्याकाळी नटूनथटून आले तेव्हा मांडववाले खुर्च्या टेम्पोत भरत होते.

"मूळ प्रतीप्रमाणे माझं बरोबर होतं," ते म्हणाले. "पण लग्न सकाळीच लागलं ना. तेव्हापासून माझा प्रुफावरही विश्वास नाही आणि मूळ प्रतीवरही."

एवढं सगळं बोलत, पण फोटो कशाचा काढायचाय ते सांगत नसत. ठाण्याची पुष्कळ मंडळी तेव्हा खाडीवर पक्षी बघायला जात. मी विचारलं, "पक्षी का काका?" तर म्हणाले, "पक्षी उडून जातात. माझं आहे ते जागेवरच आहे. जागेवर राहावं एवढीच इच्छा आहे." मला वाटलं चंद्रबिंद्र असेल.

दिवाळीच्या आधीच्या एका मंगळवारी ते बायकोला घेऊन आले. ठेंगणी, चटपटीत बाई. आल्या आल्या काकूंनी मला विचारलं, "हे इथे येऊन काय करतात हो तासन् तास?"

"कॅमेरा बघतात."

"कशाचा फोटो काढायचाय ते बोलले का?"

"नाही."

"भेग काढायचीय," त्या म्हणाल्या. "आमच्या बिल्डिंगची."

मग दोघांच्या तोंडून हळूहळू सगळं बाहेर आलं. ते वर्तकनगरला एका जुन्या वसाहतीत राहत होते. चार मजली इमारत. पुढच्या दरवाजाच्या बरोबर वर, चौथ्या मजल्यावरच्या खिडकीच्या छज्ज्याला खालून भेग गेलेली. तो फ्लॅट बंद, मालक परगावी. गच्चीवरून बघावं तर छज्ज्याची फक्त वरची बाजू दिसायची. चेअरमनचं म्हणणं, ते नुसतं प्लास्टर आहे. यांचं म्हणणं, भेग वाढतेय. एक इंजिनिअर येऊन, कपाळावर हात धरून, खालून वर बघून, "बघायला लागेल" म्हणून गेला होता. सोसायटीत आधीच दोन तट. एकाला इमारत पाडून नवी हवी होती, दुसऱ्याला आहे तिथेच सुखाने राहायचं होतं. त्यामुळे भेग मोठी म्हणणारा बिल्डरचा माणूस ठरायचा आणि लहान म्हणणारा आंधळा.

"चेअरमन वाईट नाहीत," काका म्हणाले. "त्यांची आई अंथरुणाला खिळलेली आहे. तिला उचलून भाड्याच्या खोलीत कुठे न्यायची? आणि मला वाटतं म्हणून एवढ्या घरांनी सामान बांधायचं? माझे डोळे हे असे." त्यांनी दोन्ही चष्मे काढून काउंटरवर ठेवले. "पण खरंच वाढत असेल आणि मी गप्प बसलो तर? त्या दरवाजातून सगळे जातात-येतात. म्हणून म्हटलं, असा कॅमेरा घ्यावा की जो जास्तही सांगणार नाही आणि कमीही सांगणार नाही. तुम्ही मला वर्षभर सांगताय, पण अजून तो कोणता ते सांगितलं नाहीत."

शेठ ऐकत होते. त्यांनीच कपाटातून दुकानातले दाखवायचे दोन कॅमेरे काढले, माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाले, "रविवारी जा. दोन्हीने काढ. होऊन जाऊ दे."

रविवारी मी दोन्ही कॅमेरे आणि ट्रायपॉड घेऊन वर्तकनगरला गेलो. इमारत तिच्या वयाच्या इतर इमारतींसारखीच होती. उडालेला रंग, बाहेरून फिरवलेले पाइप, पिंपळाची दोनचार रोपटी. छज्ज्याखाली भेग होती, ती नुसत्या डोळ्यांनाही दिसत होती, पण केवढी ते कळत नव्हतं. मी आधी सुपरझूमने काढला, मग डीएसएलआरने. त्यांच्या घरी जाऊन लॅपटॉपवर दोन्ही उघडले.

सुपरझूमच्या फोटोत भेग काळीकुट्ट, बोट जाईल एवढी. काकूंनी तोंडावर हात ठेवला. पण मग मला दिसलं की शेजारच्या पाइपची कडही तशीच काळीकुट्ट आलीय, आणि पाइप काही फुटलेला नव्हता. असे कॅमेरे लांबच्या वस्तूची कड जरा गडद करून दाखवतात, हे मला माहीत होतं. डीएसएलआरच्या फोटोत सगळी इमारत काचेसारखी स्वच्छ, वाळत घातलेल्या कपड्यांचे चिमटेसुद्धा दिसत होते, पण भेग म्हणजे एक बारीक, तुटक रेघ. मोठी करत गेलो तर ती कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसायला लागली, आणखी मोठी केली तर नुसते चौकोन राहिले.

"खरी कोणती?" त्यांनी विचारलं.

"काका, हा थोडं वाढवून दाखवतो. आणि त्याला तेवढं लांबचं पकडता येत नाही."

"म्हणजे भेग आहे की नाही?"

"आहे."

"वाढतेय?"

"ते एका फोटोवरून कसं सांगणार?"

ते लॅपटॉपकडे बघत राहिले. "मग मी वर्षभर काय केलं?" हे त्यांनी मला विचारलेलं नव्हतं.

बातमी जिन्यातून वरखाली पसरली. दुपारपर्यंत लोक येऊन फोटो बघून गेले. ज्यांना इमारत पाडायला हवी होती त्यांना सुपरझूमचा फोटो पटला, ज्यांना राहायचं होतं त्यांना डीएसएलआरचा. कॅमेऱ्यातलं कुणाला काही कळत नव्हतं, पण सेन्सर हा शब्द मी त्या दिवशी भांडणात वापरलेला ऐकला. शेवटी चेअरमन म्हणाले, "पुढच्या रविवारी सकाळी सगळ्यांनी खाली या. सगळ्यांसमोर काढा फोटो. मग कोणी म्हणायला नको की आम्हाला दाखवलंच नाही."

पुढच्या रविवारी खरोखरच सगळी इमारत पुढच्या आवारात उतरली. मीटरच्या खोलीजवळ टेबल मांडून मी लॅपटॉप ठेवला. तळमजल्यावरच्या एक बाई नुकत्याच न्हायलेल्या, डोक्याला टॉवेल गुंडाळून आल्या. त्या दर रविवारी न्हाणं झालं की मागच्या अंगणात उन्हात खुर्ची टाकून केस वाळवत बसत. त्या दिवशी त्यांनाही ओढून आणलेलं. त्या म्हणत होत्या, "लवकर आटपा हो, सर्दी होईल मला."

मी एक फोटो काढला, दुसरा काढला. मागच्या रविवारसारखेच आले. वाद सुरू झाला. चेअरमन म्हणाले, "स्वच्छ फोटो कोणता? हा. मग संपलं." कोणी म्हणालं, "स्वच्छ आहे, पण दिसतंय कुठे काय?" काका मध्ये उभे राहून दोन्ही बाजूंना हात करत होते. "अहो थांबा. मी असं म्हणत नाही की पडेल. मी असंही म्हणत नाही की पडणार नाही."

"मग म्हणताय काय तुम्ही?" चेअरमन वैतागून म्हणाले.

त्याच वेळी मागच्या बाजूने आवाज आला. फार मोठा नव्हता. गच्चीवरून कोणी पोतं टाकावं तसा, आणि त्यानंतर थोडा वेळ बारीक खडे पडत राहिल्याचा.

सगळे मागे धावले. तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराचा छज्जा अख्खाच्या अख्खा खाली आलेला. गंजलेल्या सळ्या भिंतीतून लोंबत होत्या. खाली कपडे धुवायच्या दगडाचे दोन तुकडे झालेले, आणि त्याच्याशेजारी मांडून ठेवलेली प्लास्टिकची खुर्ची इतकी चेपलेली की तिचा रंग दिसला म्हणून ती खुर्ची हे कळलं. मागच्या छज्ज्याबद्दल आजवर कोणी अवाक्षरही काढलेलं नव्हतं. त्याचा फोटो कुणी काढला नव्हता.

डोक्याला टॉवेल गुंडाळलेल्या त्या बाई तिथेच खाली बसल्या. चेअरमन एकेका घराचं नाव घेऊन हाक मारायला लागले. सगळ्यांनी ओ दिली. मग त्यांना आई आठवली आणि ते जिन्यावर धावले. ती वर पलंगावर नीट होती, काय पडलं म्हणून विचारत होती.

काका मागे आलेच नव्हते. मी पुढे जाऊन बघितलं तर ते पायरीवर बसलेले, दोन्ही चष्मे हातात. मी सांगितलं, काय पडलं, कुठे पडलं, कोणाला काही लागलं नाही. ते म्हणाले, "मागचं पान मी वाचलंच नाही. पुढच्याच पानावर बसून राहिलो."

थोड्या वेळाने त्या बाई आल्या आणि काकांच्या पाया पडायला वाकल्या. त्यांनी पाय मागे घेतले.

"नका. मी तिकडे बघितलंसुद्धा नव्हतं."

"तुमच्यामुळे पुढे आले ना मी काका. नाहीतर तिथेच बसले असते."

"बोलावलं चेअरमननी."

चेअरमन तोवर खाली आलेले. ते म्हणाले, "मी बोलावलं ते तुमच्या भेगेमुळे."

"पण मी चुकीची भेग दाखवत होतो."

"बरोबर दाखवली असतीत तर आम्ही सगळे मागे जमलो असतो," चेअरमन म्हणाले. ते बोलून झाल्यावर त्यांच्याच लक्षात आलं आपण काय बोललो ते.

पुढे परांची बांधून सगळी इमारत तपासली गेली. मागच्या बाजूच्या सळ्या ठिकठिकाणी कुजलेल्या निघाल्या. इमारत रिकामी करायचं ठरलं, आणि सर्वांत आधी चेअरमननी आईला हलवलं, जवळच तळमजल्याची एक खोली मिळाली तिथे. पुढच्या छज्ज्याची भेग मात्र नुसत्या प्लास्टरचीच होती. ठोकून बघितल्यावर आतलं सिमेंट खणखणीत निघालं. हे काकांना सांगायला चेअरमन स्वतः त्यांच्या घरी गेले आणि बराच वेळ बसून आले, असं काकूंनी मला सांगितलं.

त्यानंतरच्या मंगळवारी ते दुकानात आले तेव्हा काचेवर वाकले नाहीत. स्टुलावर बसून म्हणाले, "साहेब, मी बरोबर होतो की चूक?"

"माणसं वाचली ना काका."

"ते झालंच. चांगलं झालं. मी विचारतोय ते वेगळं आहे." मग म्हणाले, "भेग नुसती प्लास्टरची होती, पण इमारत पडकी होती. चेअरमन म्हणाले ते खरं निघालं आणि इमारत सोडायला लागली. याचा अर्थ काय लावायचा?" मी शेठकडे बघितलं. शेठ पावतीपुस्तक चाळत होते.

काकूच बोलल्या. त्या दिवशी त्याही आलेल्या. "कल्याणला लेकीकडे जायच्या आधी घराचे चार फोटो काढून ठेवायचेत," त्या म्हणाल्या. "द्या एक कॅमेरा."

"कोणता देऊ?"

"हा." त्यांनी काचेवर बोट ठेवलं. खाली सुपरझूम होता.

"अगं पण," काका म्हणाले.

"तुम्ही चहा घ्या."

कॅमेरा खोक्यात भरला गेला तरी ते त्याच्याकडे बघत नव्हते. काकूंना बटणं दाखवायला मी पुढच्या रविवारी गेलो. इमारत जवळजवळ रिकामी झालेली. आवाज घुमत होता. काकूंनी ओट्याचा फोटो काढला, कॅलेंडरच्या खिळ्याचा काढला, खिडकीतून दिसणाऱ्या समोरच्या जांभळाचा काढला. त्यांना काहीच विचारायला लागत नव्हतं. मग त्या काकांना म्हणाल्या, "चला, खाली तुमचा एक काढते."

पुढे ऊन डोळ्यांवर येत होतं म्हणून आम्ही मागच्या अंगणात गेलो. पडलेला मलबा कडेला सारून ठेवलेला. तळमजल्यावरच्या त्या बाई ज्या जागी खुर्ची टाकून बसायच्या त्याच जागी काकूंनी काकांना उभं केलं. त्यांनी बुशशर्ट नीट केला, एक चष्मा खिशात ठेवला, दुसरा डोळ्यांवर ठेवला.

"हसा जरा," काकू म्हणाल्या.

ते हसणार होते. तोंड तसं झालंही. मग त्यांनी पायाखाली बघितलं, वर लोंबणाऱ्या सळ्यांकडे बघितलं आणि मान माझ्याकडे वळवली. "अहो साहेब, इथे हसायचं की नाही? तुम्ही सांगा."

मी विचार करत राहिलो. मला खरोखरच ठरवता येईना, आणि तेवढ्यात काकूंनी बटण दाबलं.

तो फोटो माझ्याकडे आहे. स्वच्छ आलाय. त्यात ते कॅमेऱ्याकडे बघत नाहीयेत. तोंड अर्धवट उघडं ठेवून, माझ्या उत्तराची वाट बघत, ते माझ्याकडे बघतायत.